कागद, घोडा आणि गाठ

चीनच्या सिचुआन प्रांतात दहाव्या शतकात लोखंडी नाणी चालत. दहा हजार छोट्या नाण्यांचे ओझे चाळीस किलोच्या आसपास भरे, आणि तेवढ्या पैशांत तलम रेशमाचा एक तागासुद्धा येत नसे. छंगतू शहरातल्या व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला. नाणी पेढीवर ठेवायची आणि तिची कागदी पावती हातोहात फिरवायची. पुढे काही पेढ्यांना पैसे परत देता येईनात, तंटे वाढले, तेव्हा सुंग सरकारने हा व्यवहार आपल्याकडे घेतला. १०२३ मध्ये त्यासाठी कचेरी निघाली. पुढच्या वर्षी सुमारे १२ लाख ५६ हजार माळांच्या नोटा बाहेर पडल्या. एक माळ म्हणजे दोरीत ओवलेली हजार नाणी. तारण म्हणून ३ लाख ६० हजार माळांची लोखंडी नाणी बाजूला ठेवलेली होती. सरकारने काढलेले हे जगातले पहिले कागदी चलन.

सुंग घराण्याचे राज्य (९६० ते १२७९) एकूणच कागदावर चालणारे होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी दरबारी अधिकारी त्साय लुन याने कागद बनवण्याची रीत बसवून दिली. लाकडी ठशांची छपाई तांग काळात आली आणि दहाव्या शतकात कन्फ्युशियन ग्रंथांची संपूर्ण छापील आवृत्ती निघाली. पुस्तक स्वस्त झाल्यामुळे सामान्य जमीनदाराचा मुलगाही सरकारी परीक्षेला बसू शकत होता. ९७३ पासून परीक्षेची शेवटची फेरी खुद्द सम्राटासमोर होऊ लागली. उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद डकवून झाकत. हस्ताक्षर ओळखून कोणी गुण देऊ नयेत म्हणून अकराव्या शतकात सगळ्या उत्तरपत्रिका कारकुनांकडून पुन्हा लिहून घेण्याची पद्धत पडली. तेराव्या शतकात दक्षिण चीनमध्ये अशा परीक्षार्थींची संख्या चार लाखांवर गेली असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नोकरी त्यांतल्या फार थोड्यांना मिळे. उरलेले गावोगावी शिक्षक, वकीलवजा सल्लागार आणि हिशेबनीस होत. दहा कोटींहून अधिक लोकवस्तीचा देश तुलनेने थोडे अधिकारी सांभाळू शकले, ते या नापास झालेल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या जोरावर.

सरकारी डाकेचे तपशील शन खुओ या अधिकाऱ्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहेत. पायी डाक, घोड्यावरची डाक आणि तातडीची डाक असे तीन प्रकार होते. तातडीचा जासूद दिवसाला ४०० ली, म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटर तोडे. पुढे लाल रोगणाच्या फळीवर सोनेरी अक्षरे असलेली आणखी वेगवान डाक सुरू झाली. ती दिसली की रस्त्यावरची माणसे बाजूला होत.

या राज्याला एकाच गोष्टीची खरी वाण होती, ती म्हणजे घोड्यांची. चांगली कुरणे उत्तरेला, आणि ती खितानांच्या लियाव राज्याकडे. १००५ च्या तहानुसार सुंग सम्राट लियावला दरवर्षी एक लाख माप चांदी आणि दोन लाख तागे रेशीम देऊ लागला. याला खंडणी म्हणून नाके मुरडणारे त्या काळीही होते, पण युद्धाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती आणि तिच्या बदल्यात शंभरेक वर्षांची शांतता विकत मिळाली. तिबेटी टोळ्यांना चहा देऊन घोडे घेण्यासाठी १०७४ मध्ये वेगळे खातेच काढण्यात आले. तरी घोडदळ कधी पुरेसे झाले नाही. ११२७ मध्ये जुर्चेन सैन्याने राजधानी खायफंग घेतली, सम्राटाला कैद करून उत्तरेला नेले, आणि उरलेले सुंग राज्य दक्षिणेत हांगचौला जाऊन बसले.

मंगोलांची स्थिती नेमकी उलटी होती. घोडे हवे तेवढे, लिपी मात्र नाही. १२०४ मध्ये तेमुजिनने नायमान टोळीचा पराभव केला, तेव्हा तातातुंगा नावाचा एक उइघुर लेखक राजमुद्रा छातीशी धरून पळताना सापडला. या वस्तूचा उपयोग काय, असे त्याला विचारण्यात आले. धान्य आणि पैसा गोळा करताना, माणसे नेमताना हिची खूण लागते, असे त्याने सांगितले. त्याचा जीव वाचला आणि मंगोल राजपुत्रांना उइघुर लिपी शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. आजही उभी मंगोल लिपी त्याच घराण्यातली आहे. दोन वर्षांनी, १२०६ मध्ये, ओनोन नदीच्या उगमापाशी भरलेल्या सभेत तेमुजिन चंगीझ खान झाला. त्याने आपली माणसे दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा गटांत बांधली. जुन्या टोळ्यांपैकी अनेकांना फोडून वेगवेगळ्या हजारींत वाटून टाकले. टोळीप्रमुखाशी असलेली निष्ठा यातून मोडली आणि हिशेबही सोपा झाला.

उत्तर चीन जिंकल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न उरला. शेतकरी काही कामाचे नाहीत, जमीन मोकळी करून कुरण करावे, असे काही सरदारांचे मत होते. ओगदेई खानाच्या दरबारातला खितान वंशाचा अधिकारी यलु छुत्साय याने त्याला आकड्यांनी उत्तर दिले. शेतकऱ्यांना जगू दिले तर वर्षाला पाच लाख माप चांदी, ऐंशी हजार तागे रेशीम आणि चार लाख माप धान्य मिळेल, असे त्याने सांगितले. १२३१ मध्ये वसुली खानासमोर मांडली गेली तेव्हा खान खूश झाला. लाखो लोकांचे प्राण एका जमाबंदीच्या कागदाने वाचले असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरणार नाही. ही वसुली ज्यांनी केली ते पराभूत राज्याचेच शिकलेले कारकून होते. जिंकणाऱ्यांकडे तसे लोक नव्हतेच. यलु छुत्सायची सद्दी मात्र टिकली नाही. १२३९ च्या सुमारास अब्दुर्रहमान नावाच्या व्यापाऱ्याने वसुलीचा मक्ता त्या वेळच्या वसुलीच्या दुप्पट रकमेला, २२ लाखांना, मागितला आणि तो त्याला मिळाला. रयतेचे पुढे काय झाले, ते मक्तेदारी पाहिलेल्या कोणत्याही देशाला सांगायला नको.

ओगदेईच्या काळातच ‘याम’ ही डाकव्यवस्था उभी राहिली. ठरावीक अंतरावर चौक्या, तिथे ताजे घोडे, चारा, जेवण, आणि ते पुरवण्याचे बंधन आसपासच्या घरांवर. प्रवास करणाऱ्याकडे लाकडाचा, चांदीचा किंवा सोन्याचा अधिकारपट्टा असे. त्याला पायझा म्हणत. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात ओगदेई आपली चार सत्कृत्ये आणि चार दोष सांगतो. डाकचौक्या सत्कृत्यांत आहेत, दारू दोषांत. चौक्यांचा भार वाहणाऱ्या कुटुंबांनी त्यांची गणना सत्कृत्यांत केली असती का, हा वेगळा प्रश्न. राजपुत्र आणि त्यांचे भागीदार व्यापारी फुकट घोड्यांवरून खासगी माल नेत. पुढे मोंगके खानाला जुने पायझे परत गोळा करण्याचे हुकूम काढावे लागले.

कुबलाई खानाने १२६० मध्ये सुंगांचीच रीत उचलून नोटा काढल्या आणि १२७९ मध्ये उरलेले दक्षिण चीन घेतले. नोटा, जमीनमहसूल, कोठारे, दप्तर हे सगळे त्याने ठेवले. नको वाटली ती परीक्षा. ती १३१५ पर्यंत बंदच राहिली, कारण तीतून वर येणाऱ्या चिनी विद्वानांपेक्षा मध्य आशियातून आणलेले अधिकारी खानाला जवळचे वाटत. कुबलाईच्या वंशाच्या युआन राजवटीच्या अखेरच्या दशकांत बंडे मोडण्यासाठी नोटा बेसुमार छापल्या गेल्या, भाव भडकले आणि १३६८ मध्ये मिंग घराण्याने मंगोलांना स्टेपकडे हाकलले.

कागदी चलनाची कल्पना मंगोल वाटांनी पश्चिमेलाही गेली. इराणच्या गायखातू खानाने १२९४ मध्ये तब्रीझमध्ये नोटा काढल्या. त्यांवर चिनी अक्षरेसुद्धा होती. दुकाने बंद पडली आणि दोनेक महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. साडेतीन दशकांनी दिल्लीत मुहम्मद तुघलकाने पितळ-तांब्याची सांकेतिक नाणी चालवली. त्यामागे चीन आणि इराणच्या प्रयोगांची प्रेरणा असावी असे अनेक अभ्यासक मानतात. याच सुलतानाने देवगिरीचे दौलताबाद केले. प्रवासी इब्न बतूता सांगतो की सुलतान दौलताबादेला असताना त्याच्या पिण्याचे गंगाजल चाळीस दिवसांच्या वाटेवरून पायी डाकेने येत असे. काठीला घुंगरे बांधलेला हरकारा घोड्याच्या डाकेपेक्षा लवकर पोचतो, अशीही त्याची नोंद आहे. ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

घोडा मुळात अमेरिका खंडात उत्क्रांत झाला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथूनच नामशेष झाला. त्यामुळे तिथल्या राज्यांना सगळे माणसाच्या पाठीवर आणि पायांवर उभारावे लागले. मेक्सिकोत लिपी होती, झाडाच्या सालीचा कागद होता. १४२८ पासून तीन नगरांच्या युतीने चालवलेल्या ॲझ्टेक राज्यात कोणत्या गावाकडून किती कापूस, कोको आणि पिसे यायची याच्या चित्रमय याद्या असत. हमाल तो माल पाठीवरून राजधानी तेनोच्तित्लानला आणत. माया लोकांची लिपी तर पूर्ण विकसित होती. त्यांच्या फक्त चार पोथ्या आज उरल्या आहेत. दिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावात पोथ्यांची होळी केली, हे त्याचे एक कारण.

खरी नवलाची गोष्ट दक्षिणेकडे, अँडीज पर्वतात आहे. १४३८ पासून पाचाकुती आणि त्याच्या वारसांनी कुस्कोभोवतीचे छोटे राज्य आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत पोचवले. या इन्का राज्यात चाक नव्हते, नाणे नव्हते, लिपी नव्हती. लामा हा प्राणी पंचवीस-तीस किलोच्या वर ओझे नेत नाही आणि माणसाला पाठीवर घेत नाही. पाठ्यपुस्तकातली संस्कृतीची व्याख्या लावली तर हे राज्य उभेच राहायला नको होते.

कर पैशांत नव्हता, श्रमांत होता. ‘मिता’ या पद्धतीने प्रत्येक कुटुंबाने पाळीपाळीने राज्याचे काम करायचे: शेती, विणकाम, रस्ता, सैन्य. बदल्यात त्या काळापुरते जेवण आणि मक्याची दारू राज्य देई. पिकलेले धान्य कोठारांत जाई. वानुको पाम्पा या एका ठिकाणी सुमारे ५०० कोठारे सापडली आहेत, बोलिव्हियातल्या कोतापाचीत २,४००. डोंगरउतारावर, वाऱ्याच्या तोंडाशी ती बांधलेली असत, म्हणजे धान्य आणि वाळवलेले बटाटे टिकत. हे सारे मोजायचे तर घरांची गणती हवी. इन्कांनी कुटुंबे दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा गटांत बांधली आणि प्रत्येक गटावर अधिकारी नेमला. चंगीझ खानाची हीच रचना होती, आणि त्या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकणे शक्य नव्हते. मंगोल हजारी लढवय्ये पुरवण्यासाठी होती, इन्का हजारी हातांचे काम मोजण्यासाठी.

हिशेब दोरीवर ठेवला जाई. एका जाड दोरीला सुती किंवा लोकरीच्या बारीक दोऱ्या लोंबत सोडायच्या आणि त्यांवर गाठी मारायच्या. याला खिपू म्हणतात. सर्वांत खालच्या गाठी एककांच्या, त्यांवर दशक, मग शतक. शून्य म्हणजे मोकळी जागा. एककाची गाठ वेगळ्या तऱ्हेची, त्यामुळे एक संख्या कुठे संपली ते बोटांना अंधारातही कळे. अनेक खिपूंत वरच्या बाजूला निघालेल्या एका दोरीवर बाकीच्यांची बेरीज असते. ही दशमान पद्धत १९१२ मध्ये लेलंड लॉक याने उलगडून दाखवली. रंग, पीळ आणि धागा यांनाही अर्थ होता. तो वाचणारा अधिकारी म्हणजे खिपुकामायुक.

खिपू नेणारे धावपटू चास्की. राज्यातल्या रस्त्यांचे जाळे तीस हजार किलोमीटरहून मोठे होते, दऱ्यांवर गवताच्या दोरांचे पूल होते. आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल आजूबाजूची गावे आजही दरवर्षी नव्याने विणतात. दर दीड-दोन किलोमीटरवर चास्कींची झोपडी असे. येणारा शंख फुंकी, पुढचा धावत सुटून वाटेतच निरोप आणि खिपू घेई. लिमा ते कुस्को अंतर ते तीन दिवसांत तोडत, तर स्पॅनिश घोड्यांच्या टपालाला बारा-तेरा दिवस लागतात, असे सतराव्या शतकात बेर्नाबे कोबो या पाद्र्याने लिहिले आहे. इब्न बतूताला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का इथे १६८ स्पॅनिश माणसांनी आताउआल्पा या इन्का राजाला पकडले. घोडे, पोलाद, भाऊबंदकी आणि कदाचित आधीच पोचलेली देवीची साथ, अशी याची कारणे सांगतात. पण राज्य घेतल्यावर स्पॅनिशांपुढे ओगदेईचाच प्रश्न उभा राहिला: माणसे किती, देणे किती? उत्तर खिपुकामायुकांकडे होते. खानेसुमारीसाठी त्यांच्या दोऱ्या वाचून घेतल्या गेल्या. पोतोसीच्या चांदीच्या खाणींत १५७३ पासून मिताचेच नाव आणि पाळी वापरून मजूर जुंपले गेले. जेवण देण्याची अट मात्र विसरली गेली.

त्या दोऱ्यांनी एकदा जिंकणाऱ्यांनाच कोर्टात उभे केले. हाउहा खोऱ्यातल्या वांका लोकांनी इन्कांविरुद्ध स्पॅनिशांना मदत केली होती. १५५८ आणि १५६१ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी लिमाच्या न्यायालयात भरपाई मागितली आणि पुराव्यादाखल खिपू आणले. स्पॅनिश सेनानी पिझारोच्या पहिल्या मुक्कामापासून किती लामा, किती मका, किती वहाणा, किती हमाल दिले, ते तिथे वाचून दाखवण्यात आले. काय दिले आणि काय लुटून नेले, याची नोंद वेगवेगळी होती. न्यायालयाने हा पुरावा स्वीकारून स्पॅनिशमध्ये उतरवून घेतला. १५८३ मध्ये लिमाच्या धर्मसभेने मूर्तिपूजेशी जोडलेले खिपू नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी साधे हिशेब त्यानंतरही दोऱ्यांवर चालू राहिले.

आज जगभरच्या संग्रहालयांत हजाराच्या आसपास खिपू आहेत. आकड्यांचे बहुतेक वाचता येतात, पण ते कशाचे आकडे आहेत हे कळत नाही. बऱ्याच खिपूंत गाठींची मांडणी दशमान पद्धतीत बसतच नाही. २०१८ मध्ये मॅनी मेड्रानो आणि गॅरी अर्टन यांनी पेरूच्या सांता खोऱ्यातले सहा खिपू १६७० च्या एका स्पॅनिश खानेसुमारीशी जुळवले. यादीत करदाते १३२ आहेत आणि खिपूंत दोऱ्यांचे गट १३३. कुटुंबगट आणि नावे रंगांतून व दोरी बांधण्याच्या दिशेतून नोंदलेली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आता अशाच जोड्यांसाठी पेरू आणि स्पेनमधली दप्तरे चाळली जात आहेत.