हॉल ‘एल’ आकाराचा; मग होम थिएटरचे स्पीकर ठेवायचे कुठे?

टीव्हीवर नायक काहीतरी पुटपुटतो. सोफ्यावरचे आजोबा विचारतात, ‘‘काय म्हणाला तो?’’ रिमोट शोधून आवाज वाढवला जातो. पुढच्याच मिनिटाला पडद्यावर गाडीचा स्फोट होतो आणि आतल्या खोलीत ‘नीट’चा अभ्यास करणारी नात दार आपटून लावून घेते. हौसेने ५.१ चा संच आणलेल्या कितीतरी घरांत हा खेळ रोज रात्री चालतो. दोष स्पीकरला दिला जातो. बऱ्याचदा तो जागेचा असतो.

स्पीकरच्या खोक्यातील माहितीपत्रकात एक चित्र असते. चौकोनी खोली, समोरच्या भिंतीच्या मधोमध टीव्ही आणि बरोबर मध्ये सोफा. अहमदपुरात अशी खोली शोधावीच लागेल. ३० बाय ४०च्या प्लॉटवर घर बसवताना हॉलमधूनच जिना वर जातो, एक बाजू थेट डायनिंगमध्ये उघडते, मुख्य दरवाजा कोपऱ्यात येतो आणि उरलेल्या भिंतीत देवघर. जुन्या गावातल्या माळवदाच्या घरात बैठक लांब आणि अरुंद, भिंती जाडजूड, त्यात कोनाडे. अशा खोलीत ते चित्र जसेच्या तसे उतरवायला गेले की सगळे बिघडते.

घड्याळाची तबकडी आठवा

५.१ संचाची मांडणी कशी असावी, याची शिफारस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘बीएस.७७५’ या दस्तऐवजात केलेली आहे. मधला (सेंटर) स्पीकर समोर, डावा-उजवा स्पीकर दोन्हीकडे ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर. महत्त्वाचे हे, की सगळे कोन ऐकणाऱ्याच्या डोक्यापासून मोजायचे असतात, भिंतीपासून नव्हे. खोली वाकडी असली तरी चालते. बसायची जागा मात्र आधी पक्की हवी.

सोपी युक्ती अशी. सोफ्यावर बसा आणि आपण घड्याळाच्या मध्यभागी आहोत असे समजा. टीव्ही १२ वर. डावा स्पीकर ११ वर, उजवा १ वर. सराउंड एकीकडे ३ आणि ४ च्या मध्ये, दुसरीकडे ८ आणि ९ च्या मध्ये. टीव्ही ८ फुटांवर असेल तर समोरच्या दोन स्पीकरमधले अंतर साधारण साडेसहा ते नऊ फूट येते. टीव्ही युनिटवर दोन्ही स्पीकर पडद्याला खेटून ठेवले, तर ५५ इंची टीव्हीच्या दोन बाजूंना जेमतेम चार-साडेचार फूट अंतर पडते आणि सगळा आवाज एकाच जागेहून आल्यासारखा वाटतो.

‘एल’ आकाराच्या हॉलमध्ये टीव्ही कोणत्या भिंतीवर लावायचा, हा खरा निर्णय. शक्य असेल तर मोकळी, डायनिंगकडे उघडणारी बाजू सोफ्याच्या मागे येऊ द्या. ती एका कुशीला आली की एका स्पीकरजवळ भिंत असते आणि दुसऱ्याजवळ नुसती पोकळी. भिंतीजवळच्या स्पीकरचे खालचे सूर फुगतात, दुसऱ्याचा आवाज स्वयंपाकघरात निघून जातो आणि चित्रपट एका कानाने ऐकल्यासारखा होतो. बाजू बदलणे जमतच नसेल तर भिंतीकडचा स्पीकर तिच्यापासून दीड-दोन फूट तरी दूर घ्या. बाकीचे काम रिसिव्हरच्या सेटिंगवर सोडा.

आजोबांना ऐकू का येत नाही?

५.१ मध्ये संवादांचा बहुतांश भार मधल्या स्पीकरवर असतो आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हाल त्याचेच होतात. तो टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, कधी काचेच्या दारामागे कोंबलेला असतो. माळवदाच्या घरात कोनाडा तर जणू त्याच्यासाठीच केलेला वाटतो. पण खोल कोनाड्यात आवाज घुमतो आणि शब्द जाड होतात. हा स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. तो खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराची चकती किंवा लाकडी पाचर देऊन त्याचे तोंड कानाच्या दिशेने वर करा. त्यानंतर सेटिंगमध्ये फक्त सेंटरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवा. खर्च शून्य, आणि बरीचशी भांडणे इथेच मिटतात.

आता अंतराचे गणित. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात फूटभर जातो. दोनपैकी एक स्पीकर ६ फुटांवर आणि दुसरा ९ फुटांवर असेल तर जवळचा आवाज सुमारे तीन मिलिसेकंद आधी पोहोचतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण जो आवाज आधी येतो त्याच्याच दिशेने मेंदू स्रोत ठरवतो. बहुतेक रिसिव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते. टेप घ्या, डोक्याच्या जागेपासून मोजा आणि खरा आकडा भरा. संचासोबत मापनाचा माइक आला असेल तर तो खोक्यातून बाहेर काढा. अनेक घरांत तो खोक्यातच राहिलेला असतो.

सराउंडला भिंतच नसेल तर?

मोकळ्या बाजूला स्टँड किंवा स्लॅबमधून लटकवलेला ब्रॅकेट हे दोनच मार्ग आहेत. उंची बसल्यावर कानापेक्षा फूट-दोन फूट वर. दोन सराउंडचे अंतर सारखे नसले तरी चालेल, कोन सारखा ठेवा. तेही जमत नसेल तर एकच सराउंड लावून समाधान मानण्यापेक्षा दोन्ही काढून ठेवा आणि सेटिंगमध्ये तसे नोंदवा. नीट मांडलेले समोरचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर हे वेड्यावाकड्या ५.१ पेक्षा केव्हाही बरे.

बाजारात मिळणाऱ्या काही साउंडबारमध्ये आवाज भिंतीवर किंवा छतावर आपटवून भोवतालचा आभास केला जातो. त्यासाठी दोन्ही बाजूंना भिंती आणि वर सपाट छत लागते. एका बाजूला डायनिंग असेल किंवा वर तीन पायऱ्यांचे पीओपी किंवा माळवदाच्या तुळया असतील, तर आवाज भलतीकडेच जातो. म्हणून घेण्याआधी छताकडे एकदा बघा.

सबवूफर आणि शेजाऱ्याची भिंत

सबवूफरसाठी जुना, हास्यास्पद दिसणारा आणि खात्रीचा उपाय आहे. तो चक्क सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवा, ढोलकी-ताशाचे गाणे लावा आणि खोलीच्या कडेकडेने वाकून फिरा. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येतो, घुमत नाही, ती सबवूफरची जागा. खोलीत खालच्या सुरांच्या लाटा भिंतींमध्ये अडकतात; १२ फूट रुंदीत ही गडबड ४७ हर्ट्झच्या आसपास होते. म्हणून एका जागी खिडकी थरथरते, तर दोन हातांवर काहीच ऐकू येत नाही.

मात्र शेजाऱ्याशी सामायिक असलेली भिंत आणि तिचे कोपरे टाळा. खालचे सूर विटांच्या भिंतीतूनही आरपार जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर तिच्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. रिसिव्हरवर ‘नाइट मोड’ असेल तर तो याचसाठी दिलेला आहे. त्यात स्फोट दबतो आणि पुटपुटणे वर येते.

वाकळ अंथरा

हॉलच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘झिंग’ असा आवाज रेंगाळला तर चकचकीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकत आहेत. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका सभागृहात व्याख्यान कळेनासे झाले, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि दर खेपेला आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. मऊ वस्तू आवाज शोषतात, याचे गणित त्यातून उभे राहिले. इथे सोफ्यासमोर जाड सतरंजी किंवा वाकळ, खिडकीला जाड पडदा आणि मोकळ्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढे पुरते.

उन्हाळ्यात मात्र यातले काहीच चालत नाही असे वाटेल, कारण कूलर. त्याची घरघर नेमकी शब्दांतल्या ‘स’, ‘श’, ‘त’ वर बसते. सिनेमाच्या वेळी तो कमी वेगावर आणि मधल्या स्पीकरपासून दूरच्या खिडकीत ठेवता आला तर पाहा.

घर अजून बांधायचे असेल तर प्लास्टरच्या आधी, इलेक्ट्रिशियन भिंतीला झिऱ्या मारत असताना, टीव्हीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत आणि एक सबवूफरच्या संभाव्य जागेपर्यंत असे रिकामे पाइप टाकून घ्या. त्यात ओढायची तार ठेवायला सांगा, आणि विजेच्या वायरिंगच्या पाइपातून स्पीकरची वायर नेऊ देऊ नका.