ताट बदलायला किती वर्षं?

डेन्मार्कची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास आणि डुकरांची संख्या त्याच्या जवळजवळ दुप्पट. डुकराचं मांस आणि लोणी जगभर विकणाऱ्या या देशाने ऑक्टोबर २०२३ मध्ये वनस्पतिजन्य आहाराचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. असा आराखडा करणारा तो जगातला पहिला देश. या धोरणामागे एक सरकारी निधी उभा आहे. तो ६७.५ कोटी क्रोनरचा, म्हणजे आठशे कोटी रुपयांहून मोठा आहे आणि २०३० पर्यंत चालणार आहे.

या निधीत सर्वांत मोलाची आहे ती त्याची मुदत. शेतकऱ्याने वाटाणा किंवा बाकला पेरला तरी तो विकत घेणारा कारखाना हवा, कारखान्याला स्वयंपाकी हवेत, स्वयंपाक्याला तो पदार्थ आवडीने खाणारे लोक हवेत. ही साखळी एका आर्थिक वर्षात जुळत नाही.

दीर्घ पल्ल्याचं असं काम डेन्मार्कने याआधीही केलं आहे. कोपनहेगन महापालिकेने २००७ मध्ये ‘कोपनहेगन हाउस ऑफ फूड’ ही संस्था सुरू केली. पाळणाघरं, शाळा, वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांत ९० टक्के सेंद्रिय अन्न आणायचं, पण जेवणाचं बजेट वाढवायचं नाही, असं उद्दिष्ट ठरलं. कार्यक्रम सेंद्रिय अन्नाचा होता, व्हीगन म्हणजे मांस, अंडी, दूध वगळून पूर्ण वनस्पतिजन्य आहाराचा नव्हे. तरी हिशेब जुळवायला स्वयंपाक्यांना मांस कमी करावं लागलं, कडधान्यं आणि हंगामी भाज्या वाढवाव्या लागल्या, तयार पाकिटं सोडून पुन्हा हाताने रांधावं लागलं. त्यासाठी प्रशिक्षक थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जात. उद्दिष्टाच्या जवळ पोहोचायला महापालिकेला सात-आठ वर्षं लागली.

व्हीगन प्रसाराचं बहुतेक काम मात्र सरकारी पैशावर चालत नाही. अमेरिकेतली ‘व्हेजफंड’, जर्मनीत मुळं असलेली ‘प्रोव्हेज’, ‘ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ अशा संस्था छोट्या गटांना अनुदानं देतात. प्रस्ताव द्यायचा, उद्दिष्टं लिहायची, पैसे संपले की अहवाल पाठवायचा, ही पद्धत ओळखीची आहे. यात अडचण मोजमापाची. पत्रकं किती वाटली हे लगेच सांगता येतं, पण एखाद्या कुटुंबाची खाण्याची सवय टिकली का, हे काही वर्षांनीच कळतं.

ब्रिटनमधल्या ‘व्हीगॅन्युअरी’ची गोष्ट इथे बोलकी आहे. जानेवारीत महिनाभर व्हीगन खाऊन पाहा, असं आवाहन करणाऱ्या या मोहिमेत २०१४ मध्ये पहिल्या वर्षी ३,३०० जणांनी नाव नोंदवलं. २०२२ मध्ये हा आकडा ६ लाख २९ हजारांवर गेला. पहिल्याच वर्षाच्या आकड्यावर निकाल लावला असता तर ही मोहीम किरकोळ ठरली असती.

काही कामांना तर वेळ द्यावाच लागतो. ‘मर्सी फॉर ॲनिमल्स’ या संस्थेचा ‘ट्रान्सफार्मेशन’ प्रकल्प अमेरिकेतल्या कोंबडीपालकांना त्याच शेडमध्ये अळिंबीसारखी पिकं घ्यायला मदत करतो. शेडवर कर्ज असतं, कोंबडी कंपनीशी करार असतो. हवा, ओलावा, उजेड यांची सगळी रचना नव्याने करावी लागते आणि बाजारही नवा शोधावा लागतो. अशा शेतकऱ्याला सहा महिन्यांचं अनुदान देऊन मध्येच सोडणं म्हणजे त्याला आणखी खड्ड्यात ढकलणं.

भारतात पैशाची वाट आणखी अरुंद आहे. परदेशी निधीविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या संस्थेला जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या गटाला त्यातून अनुदान देता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआर निधीचा पर्याय उरतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. बहुवर्षीय प्रकल्पही मान्य आहेत, पण सुरुवातीचं वर्ष सोडून कमाल तीन वर्षांसाठी.

देशात सर्वाधिक सीएसआर खर्च होतो तो महाराष्ट्रात आणि इथे व्हीगन प्रसाराचा खरा पेच दुधाचा आहे. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या कितीतरी घरांत किराणा आणि शाळेची फी दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर भागते. त्या घराला दुसरं उत्पन्न उभं करून न देता गायी-म्हशींविषयी बोलणं अन्यायाचं आहे. ते उत्पन्न उभं करायला तीन वर्षं अपुरी आहेत. पण वसतिगृहांच्या आणि कारखान्यांच्या खानावळींतल्या आचाऱ्यांना शिकवायला, शेंगदाणा-सोयाबीनच्या दुधाचे छोटे उद्योग उभे करायला आणि पुढच्या टप्प्याचा निधी जमवायला ती पुरू शकतात. मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांनी या कामांसाठी पूर्ण मुदतीची हमी पहिल्याच करारात लिहून द्यावी आणि दरवर्षी अहवाल मागताना पत्रकांऐवजी टिकलेल्या ग्राहकांची मोजणी विचारावी.