कोपऱ्यावर जायला मोटार

शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतचे अंतर दोन किलोमीटरांच्या घरात आहे. जुन्या पुण्याच्या बहुतेक पेठा एवढ्याशा टापूत एकमेकींस खेटून वसल्या आहेत. पेठेतून मंडईत, मंडईतून लक्ष्मी रस्त्यावर, तेथून नदी ओलांडून डेक्कन जिमखान्यावर, अशी जी कामे कोणाही गृहस्थाच्या रोजच्या यादीत असतात, त्यांतील एकही काम सायकलीवरून पंधरा-वीस मिनिटांपलीकडचे नाही. असे असता या कामांसाठी हजार-बाराशे किलो वजनाचे यंत्र बाहेर काढले जाते, त्यात साठ-सत्तर किलोचा एक मनुष्य बसतो आणि कोथिंबिरीची जुडी व औषधाची पट्टी घेऊन परत येतो. यात काही विपरीत आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे, आणि आम्हांस चिंता वाटते ती त्याचीच.

मोटारीशी आमचे वैर नाही. आजाऱ्यास रुग्णालयात न्यावयाचे असेल, वृद्ध मातापित्यांस लग्नकार्याला पोहोचवावयाचे असेल, आषाढातील पाऊस कोसळत असेल, तर मोटार हे वरदानच होय. आमचा आक्षेप आहे तो दोन-तीन किलोमीटरांसाठी काढलेल्या मोटारीवर. थंड इंजिनास पेट्रोल अधिक लागते. धुरातील विषारी वायू निवळविण्याचे जे उपकरण आधुनिक मोटारीत बसविलेले असते, तेही पुरेसे तापल्याखेरीज आपले काम नीट करीत नाही. म्हणजे मोटार दर किलोमीटरला जेथे सर्वांत अधिक घाण करते, ते नेमके हेच आरंभीचे अंतर. आणि ती तापून सुरळीत चालू लागते न लागते तोच आपले दुकान आलेले असते! मग ती उभी करण्यासाठी जागेचा शोध सुरू होतो. ज्या जागेत एक मोटार मावते तेथे आठ-दहा सायकली सुखाने उभ्या राहतात, हा हिशोब तिसरीतला मुलगाही करू शकेल.

पुण्यास 'सायकलींचे शहर' ही पदवी कोणी समारंभपूर्वक बहाल केली नव्हती. गावातील सपाट रस्ते, बेताची अंतरे, बेताचीच मिळकत, फारसे न छळणारे हवामान, आणि महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या व खडकीचे कारखाने यांकडे नित्य जाणारा मोठा वर्ग, या सर्वांनी मिळून ती घडविली. प्राध्यापक सायकलीवरून येत, कारकून येत, आणि परकर-पोलके सोडून नुकत्याच साडी नेसू लागलेल्या मुलीही येत. ज्याच्यापाशी स्वतःची सायकल नसे त्यास ती तासाच्या भाड्याने मिळे. तिन्हीसांजेला दिव्यावाचून जाणाऱ्यास, किंवा 'डबलसीट' बसणाऱ्यास, चौकातील शिपाई अडवी. त्या चकमकींचे किस्से सांगणारे पुणेकर अद्याप पुष्कळ आहेत.

पुढे काळ पालटला. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली 'चेतक' स्कूटर बाहेर पडू लागली आणि तिच्यासाठी नंबर लावून मध्यमवर्गीय कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहू लागली. शहर कोथरूडकडे, सिंहगड रस्त्याकडे व चहूबाजूंस पसरले. हिंजवडीसारखी कामाची ठिकाणे दूर उभी राहिली. २०१८ साली शहरातील नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येसही मागे टाकून गेली. जो तरुण रोज वीस किलोमीटर जातो त्यास सायकलीचा उपदेश करणे हा निव्वळ दांभिकपणा होईल. त्याच्यासाठी बस हवी. मेट्रो हवी, आणि ती २०२२ पासून धावूही लागली आहे. परंतु शहर कितीही पसरले तरी वाण्याचे दुकान, मुलांची शाळा, बँक व दवाखाना ही ठिकाणे दूर गेलेली नाहीत. कोथरूडच्या रहिवाशास ती कोथरूडातच लाभतात. मग ही सायकल गेली कोठे?

आमच्या मते तिला दोन गोष्टींनी हुसकावले: एक प्रतिष्ठा आणि दुसरी भीती. पैकी प्रतिष्ठेविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. टेकडीवर फिरावयास जाण्यासाठी टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोटारीने जाणारे सद्गृहस्थ तळजाईला कोणत्याही सकाळी पाहावयास मिळतात. रविवारी शिरस्त्राण चढवून, लाखभर रुपयांच्या सायकलीवरून सिंहगडाचा पायथा गाठणारे हौशी वीरही आम्ही पाहतो आणि त्यांच्या दमाचे आम्हांस कौतुकच वाटते. मात्र सोमवारी दूध आणावयास हेच वीर मोटारीची किल्ली शोधतात. व्यायामाची सायकल प्रतिष्ठित ठरली, कामाची सायकल ठरली नाही. वस्तुतः २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले, तेव्हा देशात सायकलीने कामावर जाणारे अडीच कोटींहून अधिक निघाले आणि मोटारीने जाणारे त्यांच्या एक-चतुर्थांशही नव्हते. आमच्या अनेक वाचकांच्या दारी हा अंक आज सकाळी आला तोही सायकलीवरूनच.

भीतीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एक किलोमीटरवरील शाळेत दहा वर्षांच्या मुलास सायकलीवरून पाठविण्यास आई नकार देते, तेव्हा तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. शाळेच्या आवारातील सायकलींच्या रांगा पाहून हजेरीचा अंदाज बांधावा, असे दिवस आम्ही अध्यापक असताना पाहिले आहेत. आज शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही फाटकासमोर उभे राहावे. मोटारी, रिक्षा आणि शाळेच्या गाड्या यांचा असा काही चक्रव्यूह तेथे माजलेला असतो की, पायी निघालेले पोरही बुजावे. मूल सुरक्षित पोहोचावे म्हणून प्रत्येक पालक मोटार आणतो, आणि त्या मोटारींच्या गर्दीमुळेच इतरांच्या मुलांना तो रस्ता धोक्याचा होतो. हा पेच एकट्या पालकास सुटणारा नव्हे. तो सोडविणे हे महापालिकेचे काम होय.

महापालिकेने काहीच केले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २००६ च्या अखेरीस स्वारगेटमार्गे कात्रज व हडपसर यांना जोडणारा जलद बसमार्ग सुरू झाला, त्या सुमारास रस्त्यांच्या कडेने सायकलींचे मार्ग आखले गेले. २०१७ साली शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. झाले ते असे की, आखलेला मार्ग कोठे विजेच्या पेटीपाशी अडतो, कोठे बसथांब्यात शिरतो, कोठे उभ्या मोटारीखाली गडप होतो. आणि चौक आला की, म्हणजे जेथे खरा धोका असतो तेथेच, तो संपतो. अशा मार्गावरून जाण्यापेक्षा सायकलस्वार मोटारींच्या गर्दीतून जाणे पत्करतो. मग अधिकारी म्हणतात, मार्ग बांधले पण लोक वापरीत नाहीत!

युरोपची गोष्ट वेगळी, तेथील लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. हॉलंडचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तेथेही मोटारींनी रस्ते भरले आणि सायकल मागे पडली. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये बालहत्या थांबवा असा आक्रोश लेखणीने केला, पालक रस्त्यावर उतरले, पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई आली आणि सरकारने काही रविवार मोटारींना बंदी केली. आज आपण जे सायकलींचे हॉलंड पाहतो ते त्यानंतरच्या निर्णयांतून उभे राहिले. तेथे वारा सोसाट्याचा असतो आणि पाऊस बारमाही. आपल्याकडे तो चार महिने पडून थांबतो.

संबंध शहराचा आराखडा एकाच वेळी सिद्धीस जावा असा हट्ट आम्ही धरीत नाही. आरंभ शाळांपासून करावा. हुजूरपागा, नूतन मराठी विद्यालय, रमणबाग, टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूल आणि स. प. महाविद्यालय ही सारी पायी हिंडता येईल एवढ्या टापूत आहेत. या संस्थांना जोडणारी एकच वाट प्रथम अखंड करावी, आणि चौकाचौकांतून ती पार नेण्याची व्यवस्था करावी. तिचा लाभ विद्यार्थ्यांसच होईल असे नाही. ज्यास सायकलीखेरीज दुसरे वाहन परवडतच नाही तो पहारेकरी आणि तो गवंडीही तीच वाट धरील. आणि ती होईपर्यंत निदान शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास व सुटल्यावर अर्धा तास या रस्त्यांच्या एका बाजूस मोटारी उभ्या राहू देऊ नयेत. एवढा हुकूम काढून तो पाळून घेण्यास वाहतूक पोलिसांना व महापालिकेला ना नवी जमीन संपादावी लागते, ना कोट्यवधींचे अंदाजपत्रक मांडावे लागते.