हातातलं सोनं, कागदावरचं सोनं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा-पाडवा जवळ आला, की घरोघरी चर्चा सुरू होते : सराफाकडून तोळाभर घ्यावं, की शेअर बाजारात मिळणाऱ्या सोन्याच्या फंडात, म्हणजे गोल्ड ईटीएफमध्ये, पैसे घालावेत? सोनं अंगावर घालायचं आहे की पैसे गुंतवायचे आहेत, हे आधी ठरवलं तर निम्मा गोंधळ तिथंच संपतो. उरलेला निम्मा काही पक्क्या समजुतींचा असतो.

गैरसमज : दागिना हीच गुंतवणूक. अडीनडीला मोडला, की पैसे वसूल.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. समजा, भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि तुम्ही २० ग्रॅमच्या बांगड्या केल्या. सोन्याचे २,००,००० रुपये, १२ टक्के घडणावळ २४,००० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ६,७२०. बिल झालं २,३०,७२० रुपये. त्याच भावात मोडायला गेलात, तर घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. सराफानं २ टक्के घट धरली, तर हाती १,९६,००० येतात. म्हणजे मुद्दल सुटण्यासाठीच भाव जवळपास १८ टक्के वाढायला हवा. दागिना हौसेनं जरूर करावा, पण घडणावळ हा हौसेचा खर्च आहे, हे मनाशी पक्कं असावं. नाण्यावर किंवा वेढणीवर घडणावळ कमी लागते. मात्र बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही.

गैरसमज : कागदी सोन्यामागे खरं सोनं नसतंच.

वस्तुस्थिती : गोल्ड ईटीएफ भारतात २००७पासून आहेत. त्यांच्यामागे ९९.५ टक्के शुद्धतेचं सोनं तिजोरीत ठेवलेलं असतं, त्याची तपासणी होते आणि देखरेख बाजार-नियामक सेबीची असते. घडणावळ नाही, लॉकरचं भाडं नाही. पण डीमॅट खातं लागतं आणि फंडाचा वार्षिक खर्च वजा होतो. सार्वभौम सुवर्ण रोख्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागे धातू नव्हे, सरकारची हमी असते. नोव्हेंबर २०१५मधल्या पहिल्या रोख्याची किंमत ग्रॅमला २,६८४ रुपये होती. आठ वर्षांनी सरकारनं ६,१३२ रुपये दिले, शिवाय दरवर्षीचं व्याज वेगळं. फेब्रुवारी २०२४नंतर मात्र नवे रोखे आलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात.

गैरसमज : मोबाइलवरचं ‘डिजिटल गोल्ड’ म्हणजे ईटीएफच.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. डिजिटल गोल्ड सेबीच्या नियंत्रणाखाली येत नाही आणि तसा इशारा सेबीनं नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीरपणे दिला. विकणारी कंपनी बुडाली, तर सेबीचं संरक्षण मिळणार नाही. शिवाय खरेदीवर ३ टक्के जीएसटी जातो तो जातोच.

गैरसमज : विवाहित स्त्रीकडे ५०० ग्रॅमपेक्षा जास्त सोनं असणं बेकायदा.

वस्तुस्थिती : हा आकडा १९९४च्या प्राप्तिकर परिपत्रकातला आहे. छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, एवढंच ते सांगतं. सोनं कुठून आलं हे दाखवता येत असेल, तर मर्यादा नाही. म्हणून बिलं जपून ठेवा.

गैरसमज : सोन्याचा भाव पडत नाही.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०११मध्ये जागतिक भाव औंसाला सुमारे १,९०० डॉलर होता, डिसेंबर २०१५मध्ये तो १,०५०च्या आसपास उतरला. रुपयाही घसरल्यामुळे आपल्याकडे झळ कमी बसली, इतकंच. भाव पडला, की पाटली आणि ईटीएफ दोन्हींची किंमत उतरते.

घरात लग्न सात-आठ वर्षांवर असेल, तर आजच दागिने करून लॉकरमध्ये ठेवू नका. तेव्हा घडण जुनी वाटली, तर मोडून पुन्हा घडणावळ भरावी लागेल. तोवर ईटीएफमध्ये थोडं थोडं साठवा आणि लग्नाच्या वर्षी विकून मनाजोगते दागिने करा. विकताना नफ्यावर कर लागेल, तो हिशेबात धरा. दागिने घेताना शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख-क्रमांक) पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.