पेडल दाबले, तरी मोटार का रेंगाळते?

व्यापाऱ्याच्या घरी मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बेळगावच्या पेठेतून वसुलीसाठी गोव्याकडे जावयाचे असो, अथवा कुटुंबासह कुंभोजच्या बाहुबलीस किंवा श्रवणबेळगोळास दर्शनाला जावयाचे असो, मोटारीवाचून पान हलत नाही. या मोटारीविषयी आपल्या सभासदांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. ती अशी की, जुनी गाडी पाय ठेवताच उसळत असे. नवी गाडी किमतीने मोठी, बळानेही मोठी, परंतु पेडल दाबल्यावर क्षणभर विचार करीत बसते.

या तक्रारीवर बाजारात एक उपायही विकला जातो. पेडलापाशी बसविण्याची ती एक लहानशी डबी असते. काही हजार रुपये मोजले की ती मिळते, आणि तिच्यायोगे गाडीचे बळ वाढते असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. हे म्हणणे कितपत खरे आहे ते पारखून घेणे अगत्याचे आहे. कारण येथे प्रश्न केवळ पैशांचा नाही. दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडण्याचा जो क्षण असतो, त्या क्षणाचा हा प्रश्न आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. समोरचे वाहनही त्याच वेगाने येत असेल, तर तेवढ्या अवधीत दोघांमधील अंतर १६ मीटरांहून अधिक घटते. गाडीच्या बळाविषयी खोटा भरवसा बाळगणाऱ्यास हे १६ मीटर फार महाग पडू शकतात.

मालकाची चिठ्ठी आणि वखारीचा दिवाणजी

पूर्वीच्या मोटारीत पेडल आणि इंजिनची हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, यांच्यामध्ये एक पोलादी तार असे. पाय जितका दाबावा तितकी झडप उघडे. आजच्या मोटारीत ती तार नाही. पेडलापाशी दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला याची वर्दी ते विजेच्या द्वारे गाडीतील संगणकास देतात, आणि संगणकाच्या आज्ञेने एक लहान विद्युत मोटार झडप उघडते. सेन्सर दोन ठेवण्याचे कारण आपल्या धंद्यातील दुहेरी नोंदीसारखेच आहे. दोन्ही आकडे परस्परांशी जुळले नाहीत, तर संगणक धोक्याचा दिवा लावतो आणि इंजिनची शक्ती मर्यादित करून गाडी हळूहळू मुक्कामी नेऊ देतो. डिझेल गाडीत हवेच्या झडपेपेक्षा इंधनाच्या मात्रेस अधिक महत्त्व असते. तेथे पेडलाच्या वर्दीवरून संगणक डिझेलचा फवारा किती सोडावा हे ठरवितो.

तात्पर्य, पेडल ही आता मालकाने वखारीवर पाठविलेली चिठ्ठी झाली आहे. माल सोडणारा दिवाणजी निराळाच आहे, आणि तो चिठ्ठीवरचा आकडा पाहून डोळे झाकून पोती काढीत नाही. धूर मर्यादेत राहावा, गिअरला हिसका बसू नये, ओल्या रस्त्यावर चाक घसरू नये, इंधन वाया जाऊ नये, अशी अनेक व्यवधाने सांभाळून तो माल सोडतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे कडक मान लागू झाले. त्यामुळे या दिवाणजीवरील जबाबदारी आणखी वाढली. गाडी रेंगाळते असे आपण म्हणतो, त्याचा पुष्कळसा भाग म्हणजे ही बुद्ध्या घातलेली सावधगिरी होय.

डबी काय करते?

बाजारातील डबी पेडल आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि चिठ्ठीवरचा आकडा वाढवून पुढे पाठविते. आपण पाच पोती लिहिली, तर ती आठ करते. त्यामुळे थोडासा पाय ठेवताच गाडी उसळते, आणि बळ वाढल्याचा भास होतो. परंतु वखारीत शंभरच पोती असतील, तर चिठ्ठीत फेरफार करून एकशे एकावे पोते कोठून निघणार? पेडल तळापर्यंत दाबले असता डबी असलेली आणि नसलेली गाडी सारखेच बळ देते. ओलांडण्याच्या आणीबाणीत मनुष्य पेडल पुरतेच दाबतो. म्हणजे जेथे खरी निकड असते, तेथेच ही डबी निरुपयोगी ठरते. उलट गर्दीच्या रस्त्यावर पाय हलका ठेवणे कठीण होऊन गाडी हिसके खाते. ज्यास केवळ पेडल हलके हवे आहे, त्याने डबी अवश्य घ्यावी; मात्र ती बसविल्याने गाडीच्या वॉरंटीस बाध येईल काय, हे विक्रेत्यास आधी लेखी विचारावे.

धुळीने हिरावलेले परत मिळवावे

डबीवर पैसे घालण्यापूर्वी जे आपले असून गमावले आहे ते परत मिळवावे. प्रथम एअर फिल्टर पाहावा. धान्याच्या पेठेत उभ्या राहणाऱ्या गाडीत कोंडा आणि धूळ यांचे थर चढण्यास वेळ लागत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या चाचण्यांतून असे दिसले की, नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबल्याने इंधनाचा खर्च फारसा वाढत नाही. परंतु तो बदलल्यास वेग घेण्याचा काळ सुमारे ६ ते ११ टक्क्यांनी सुधारू शकतो. अल्प खर्चात एवढा लाभ देणारा दुसरा सौदा विरळा.

दुसरी गोष्ट थ्रॉटलच्या झडपेची. इंजिनमधील तेलाची वाफ तेथे येऊन काजळीचा थर जमतो, आणि पेडलाच्या पहिल्या स्पर्शास गाडी अडखळते. हा थर साफ करून घ्यावा. पण इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलू देऊ नये, कारण तिच्यामागचे बारीक दाते मोडण्याचा संभव असतो. साफसफाईनंतर कित्येक गाड्यांत संगणकास झडपेची मूळ स्थिती नव्याने शिकवावी लागते. मेकॅनिकने हे काम टाळले, तर गाडी उभी असता तिचे फेरे कमीजास्त होतात आणि दोष मात्र साफसफाईवर येतो.

गिअर हाच खरा उपाय

पुष्कळ गाड्यांत इको आणि पॉवर अशी बटणे असतात. इको दाबल्यास पेडल सुस्त होते, पॉवर दाबल्यास तत्पर होते. डबीचे काम कंपनीने येथे स्वतःच करून ठेवलेले असते. तेव्हा इकोचे बटण वर्षभर दाबून ठेवावयाचे आणि गाडी मंद आहे म्हणून डबी विकत घ्यावयाची, हा उलटा व्यवहार झाला.

टर्बो असलेल्या गाडीची गोष्ट आणखी निराळी आहे. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेल, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीचे उदाहरण घ्या. तिचा ३४३ न्यूटन-मीटर हा सर्वोच्च जोर मिनिटास १४०० ते २८०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. इंजिन ११०० फेऱ्यांवर पाचव्या गिअरमध्ये कण्हत असताना पेडल कितीही दाबले, तरी टर्बोचे चाक वेग घेईपर्यंत थांबणे भाग आहे. तेथे डबी काय करणार? ओलांडण्यापूर्वीच गिअर उतरवून फेरे वाढवावेत, म्हणजे जोर हाती तयार असतो. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम पेडल तळापर्यंत दाबल्याने होते. परंतु गिअर उतरण्यास क्षणभर लागतो, हे चालकाने आधी ओळखून असावे.

संगणकातील आज्ञावलीच बदलून बळ वाढवून देणारेही आहेत. त्याने बळ खरोखर वाढते. पण गिअर, क्लच आणि धूर यांवर ताण येतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे की, नोंदणीपत्रातील तपशील कंपनीने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. घरच्या माणसांच्या गाडीत हा खेळ न केलेला बरा.

पायाखालची चटई

अमेरिकेत २००९-१० साली टोयोटा गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनी मोठी खळबळ माजली. तेथील सरकारने नासाच्या तंत्रज्ञांकडून तपास करविला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. असा धोकादायक वेग देणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. ठरलेली यांत्रिक कारणे दोन होती, पेडल चिकटणे आणि पायाखालची चटई पेडलात अडकणे. आपल्याकडे मूळ चटईवर दुसरी जाड चटई टाकण्याची रीत सार्वत्रिक आहे. तिच्यामुळे पेडल तळापर्यंत जात नाही आणि गाडी मंद वाटते. आणि तीच चटई सरकली, तर पेडल दबलेले राहते. ही चटई आजच काढावी. त्यास एक पैसाही लागत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या पगारी चालक किंवा घरची तरुण मुले चालवितात. त्यांच्या हाती गाडी देताना तिचे बळ किती आणि ते केव्हा मिळते, हे एकदा मोकळ्या रस्त्यावर समजावून सांगणे मालकाचे कर्तव्य आहे. मुनिजनांसाठी सांगितलेल्या पाच समितींत ईर्या समिती पहिली आहे. पुढची चार हात भूमी निरखून, जीव जपून पाऊल टाकावे असे ती सांगते. गृहस्थाच्या पायाखाली भूमीऐवजी पेडल आले, म्हणून त्या शिकवणुकीची गरज संपत नाही. गाडीत नवे काही बसविण्यापूर्वी फिल्टर पाहावा, झडप स्वच्छ करावी, चटई काढावी, गिअर ओळखावा. आणि एवढे करूनही समोरचे अंतर पुरेसे वाटत नसेल, तर ट्रकच्या मागे दोन मिनिटे थांबावे. तेवढ्याने कोणाचाही सौदा हातचा जात नाही.