ग्लॉब (संगणन)

ग्लॉब ही संगणकाला आज्ञा देताना अनेक फाइलींची नावे एकाच नमुन्याने दर्शवण्याची पद्धत होय. नमुन्यातील विशेष चिन्हांना वाइल्डकार्ड म्हणतात. नमुन्याच्या जागी त्याच्याशी जुळणारी प्रत्यक्ष नावे घालण्याच्या क्रियेस विस्तार म्हणतात. १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत हे काम ग्लॉब नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम करीत असे. पुढे ते शेलमध्येच समाविष्ट झाले.

चिन्हे

'*' हे चिन्ह शून्य किंवा कितीही वर्णांशी, '?' नेमक्या एका वर्णाशी, तर '[ ]' कंसात दिलेल्यांपैकी एका वर्णाशी जुळते. समजा, बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांच्या पर्जन्यनोंदी 'पाऊस-बीड', 'पाऊस-केज' अशा नावांच्या फाइलींत आहेत. 'पाऊस-*' या नमुन्यात सर्व ११ फाइली येतात; 'पाऊस-[धप]*' मध्ये धारूर, परळी व पाटोदा या तीनच येतात.

देवनागरी नावे

युनिकोडमध्ये मात्रा व वेलांटी हे स्वतंत्र वर्ण मानले जातात. 'बीड' हा शब्द दोन अक्षरी दिसला तरी त्यात ब, दीर्घ वेलांटी आणि ड असे तीन वर्ण आहेत. त्यामुळे यूटीएफ-८ वापरणाऱ्या बॅश शेलमध्ये 'पाऊस-??' शी एकही तालुका जुळत नाही; 'पाऊस-???' शी बीड व केज जुळतात.

विस्तार कोण करते?

युनिक्स व लिनक्समध्ये विस्तार शेल करते. चालवलेल्या प्रोग्रॅमला '*' दिसत नाही, थेट ११ नावे मिळतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नमुना जसाच्या तसा पुढे जातो आणि विस्तार प्रोग्रॅमला स्वतः करावा लागतो. म्हणून एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे वेगळा वागू शकतो. नमुना अवतरणचिन्हांत लिहिल्यास शेल त्याचा विस्तार करीत नाही. काहीच जुळले नाही, तर बॅश सामान्यतः नमुना तसाच पुढे देते. झेडशेल त्रुटी दाखवते.

धोके

'आरएम' ही फाइली पुसण्याची आज्ञा आहे. 'आरएम पाऊस-*' ऐवजी चुकून 'आरएम पाऊस- *' असे लिहिल्यास मोकळ्या जागेमुळे '*' स्वतंत्र नमुना ठरतो आणि फोल्डरमधील, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली वगळता, सर्व फाइली पुसल्या जातात. त्या कचरापेटीत जात नाहीत. '-' ने सुरू होणारे फाइलनाव प्रोग्रॅमला पर्याय वाटू शकते. म्हणून '*' ऐवजी './*' लिहिणे सुरक्षित असते. पुसण्यापूर्वी तोच नमुना 'इको' या आज्ञेला दिल्यास कोणती नावे जुळतात, हे आधीच दिसते.