संगणकाला वेगळे ग्राफिक कार्ड हवे काय?



हा विषय इंजिनियराने मांडावा, कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याचे येथे काय काम, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. परंतु आमच्या सभासदांच्या पतपेढीत कर्जाचे जे अर्ज येतात, त्यांत अलीकडे मुलांच्या संगणकासाठी केलेले अर्ज पुष्कळ असतात. आणि सोबतच्या कोटेशनमध्ये सर्वांत मोठा आकडा बहुधा ग्राफिक कार्डाचा असतो. हप्ते पगारातून कापले जाणार. तेव्हा हे कार्ड म्हणजे काय, त्यावाचून कोणाचे अडते आणि कोणाचे अडत नाही, हे वाचून आणि यंत्रे उघडून समजून घेणे मला भाग पडले.

प्रथम काम काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आज सर्रास आढळणाऱ्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, आणि ते सेकंदाला साधारणतः ६० वेळा नव्याने पाठवावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके झाले. हे काम ग्राफिक प्रोसेसर करतो. मुख्य प्रोसेसर हा गुंतागुंतीचे काम भराभर उरकणारे मोजके कसबी कारागीर. तर ग्राफिक प्रोसेसर म्हणजे एकाच प्रकारचे सोपे काम एकाच वेळी करणाऱ्या शेकडो-हजारो हातांची पाळी होय.

ही पाळी दोन ठिकाणी बसवता येते. एक तर मुख्य प्रोसेसरच्याच पोटात. यास अंगभूत ग्राफिक म्हणतात. पूर्वी ते मदरबोर्डवरील दुसऱ्या चिपमध्ये असे. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांत दोन्ही एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणले, आणि एएमडीनेही त्याच वर्षी तसे प्रोसेसर काढले. दुसरा प्रकार म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसवावयाचे स्वतंत्र कार्ड.

दोहोंतील एक मोठा भेद मालाच्या कोठारात आहे. अंगभूत ग्राफिकला स्वतःचे कोठार नसते; मुख्य प्रोसेसर जी रॅम वापरतो तीच त्यालाही वाटून घ्यावी लागते. डीडीआर-४ जातीच्या ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ५१ जीबी माहिती ये-जा करू शकते. उलट एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या १२ जीबीच्या कार्डावर स्वतःची मेमरी असते, आणि तिचा वेग सेकंदाला ३६० जीबी, म्हणजे सातपट आहे.

हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल की मग कार्डच घ्यावे. पण थोडा हिशेब करा. एका ठिपक्याला चार बाइट धरले, तर वर सांगितलेला पडदा चालता ठेवण्यास सेकंदाला जेमतेम अर्धा जीबी लागतो. ५१ मधील तो शंभरावा हिस्सा झाला. टायपिंग, हिशेब, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग, सिनेमा, प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, छापखान्यातील डीटीपी, साधे सपाट आराखडे, या सर्वांना अंगभूत ग्राफिक पुरते. ‘कार्ड घातले की सगळा संगणक जलद होतो’ हे दुकानातील वाक्य खरे नाही. जुना संगणक रेंगाळत असेल तर बहुधा रॅम अपुरी असते किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तेथे एसएसडी बसवण्यास कार्डापेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

याचा अर्थ कार्ड म्हणजे चैन, असा मात्र नव्हे. त्रिमितीय रचना, ॲनिमेशन, भारी व्हिडिओ संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले घरच्या यंत्रावर चालवणे, आणि नवे मोठे खेळ, येथे कोट्यवधी ठिपक्यांचे केवळ प्रदर्शन नसते, तर प्रत्येकाचा लांबलचक हिशेब असतो. या धंद्यात उतरलेल्या मुलाला कार्ड नाकारणे म्हणजे फिटरला पान्ह्यावाचून कामावर पाठवण्यासारखे आहे. तेथे कर्ज काढावे, आणि नि:शंकपणे काढावे.

डेस्कटॉपची एक सोय ध्यानात ठेवावी: कार्ड मागाहूनही बसवता येते. म्हणून शंका असेल तेथे आधी अंगभूत ग्राफिकवर काम सुरू करावे. मात्र खरेदीच्या वेळी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक चालत नाही. कार्डावाचून पडदा काळाच राहील. एएमडीच्या रायझन ५६००एक्स सारख्या प्रोसेसरांतही ते नाही. दुसरी, १६ जीबी रॅम घ्यावयाची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकाच पट्टीने ये-जा निम्म्यावर येते. तिसरी, पुढे कार्ड बसवावयाचे असेल तर पॉवर सप्लाय पुरेसा हवा. खाचेतून कार्डाला ७५ वॅटच मिळतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, म्हणून वेगळी तार जोडावी लागते. असे कार्ड पूर्ण भाराने नऊ तास चालले की सुमारे एक युनिट वीज जाते. चौथी, कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडावी. ती मदरबोर्डला राहिली तर कार्डाचे पैसे बहुतांशी फुकट जातात, आणि असे घडलेले मी एकाहून अधिक घरी पाहिले आहे.

कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा त्यावर कोणता माल निघणार हे आम्ही आधी विचारतो. घरातही मुलाला किंवा मुलीला तेच विचारावे: या संगणकावर तू कोणते काम करणार, आणि त्यास कोणते सॉफ्टवेअर लागते? त्या सॉफ्टवेअरचा निर्माता कोणते ग्राफिक आवश्यक आहे ते स्वतःच लिहून देतो. तो कागद हाती घेऊन दुकानात जावे, म्हणजे कर्जाचा आकडा दुकानदार ठरवणार नाही, आपण ठरवू.